चरा पुसला जात नाही: मोबाइलच्या चकचकीत फ्रेमविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्टीलची फ्रेम मोबाइलमध्ये रुळली ती २०१० च्या आयफोन ४ पासून. मधल्या काळात ॲल्युमिनियम आले आणि २०१७ च्या आयफोन एक्सबरोबर स्टील परत आले, या वेळी आरशासारख्या झिलईसह. महागड्या आयफोनमध्ये ते २०२२ च्या १४ प्रोपर्यंत टिकले. हे फोन आज मोठ्या संख्येने दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. जुन्या फोनच्या बाजारात कडा कशा दिसतात यावर भाव ठरतो. त्यामुळे फ्रेमवरचे बारीक चरे घालवण्याचे उपाय तोंडोतोंडी फिरत राहतात: टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, पितळेचे पॉलिश, गॅरेजमधले रबिंग, सराफाकडचे बफिंग.

यातला जवळजवळ प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागावर खरोखर चालतो. म्हणूनच तो सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो आणि ऐकणाऱ्याला तो पटतो. घोटाळा होतो तो एका पृष्ठभागाचा उपाय दुसऱ्यावर लादल्यामुळे. फ्रेमवर सगळ्यात वर नेमके काय आहे, उघडे स्टील, रंगीत लेप, ऑक्साइडचा थर की नुसता मुलामा, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय कापड हातात घेऊ नये. पुढचे गैरसमज या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच टिकून आहेत.

गैरसमज १: चरा हा डागाचाच प्रकार, चिकाटीने घासला की निघतो.

डाग म्हणजे पृष्ठभागावर जास्तीचे काहीतरी बसलेले असते. चऱ्यात पृष्ठभागातलाच धातू निघून गेलेला किंवा बाजूला ढकलला गेलेला असतो. गेलेला धातू घासून परत येत नाही. शेतात खड्डा पडला आणि भरायला माती नसेल, तर सगळे शेतच खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावे लागेल. पॉलिश करणे म्हणजे हेच. समज टिकतो तो प्रकाशाच्या वागण्यामुळे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि आरशासारख्या पृष्ठभागावरचे उंचसखलपण त्याहून बरेच कमी असते. तिथे एखादा मायक्रॉनचा चरासुद्धा प्रकाश विखुरतो आणि उठून दिसतो. थोडे घासल्यावर चऱ्याच्या धारदार कडा बोथट होतात, प्रकाश कमी विखुरतो आणि चरा 'गेला' असे वाटते. उजेडाचा कोन बदलला की तो पुन्हा दिसतो. चरा घालवायचा तर धातू कमी करावाच लागतो. किती कमी करणे परवडेल, हे वरच्या थरावर ठरते.

गैरसमज २: कापड काळे झाले म्हणजे मळ निघाला, ते स्वच्छ येईपर्यंत घासायचे.

भांडी घासताना काळे पाणी येते ते काजळीचे, म्हणून इथेही तसाच अर्थ लावला जातो. उघड्या स्टीलवर किंवा ॲल्युमिनियमवर पॉलिश चोळले की कापड काळे होते ते मुख्यतः सुटलेल्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. फ्रेम कितीही स्वच्छ असली तरी घासत राहिले तर कापड काळेच होत राहणार. ते स्वच्छ येण्याची वाट पाहणे म्हणजे धातू विनाकारण झिजवणे. थांबायचे कधी, हे पृष्ठभाग कोरडा पुसून, तिरप्या उजेडात पाहून ठरवावे लागते.

गैरसमज ३: स्टील इतके कठीण असते की चांगल्या फोनला चरे पडतच नाहीत.

घरातल्या स्टीलच्या पातेल्यावर वर्षानुवर्षे काही दिसत नाही, त्यामुळे ही अपेक्षा तयार होते. पण पातेल्याच्या पृष्ठभागावर आधीपासूनच हजारो रेघा असतात आणि नवी रेघ त्यांत मिसळून जाते. काठिण्याचा हिशेब पाहू. फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये मांडलेल्या एक ते दहाच्या मापावर स्टेनलेस स्टील साधारण साडेपाच ते सहाच्या आसपास येते, तर क्वार्ट्झ, म्हणजे नेहमीच्या वाळूतला मुख्य कण, सातवर आहे. जास्त कठीण वस्तू कमी कठीण वस्तूवर चरा उठवते, मग फोन कितीही महाग असो. कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू आणि बांधकामाची धूळ तर सोडाच, दख्खनच्या काळ्या पाषाणातला फेल्डस्पारही सहाच्या खाली नाही. ॲपलने २०१६ च्या जेट ब्लॅक आयफोन ७ बरोबर स्वतःच लिहिले होते, की या पृष्ठभागाचे काठिण्य त्यांच्या इतर ॲनोडाइज केलेल्या वस्तूंइतकेच आहे, मात्र चकाकीमुळे वापराचे बारीक चरे त्यावर दिसू शकतात. म्हणजे चरे जास्त पडतात असे नाही, झिलई ते जास्त दाखवते.

गैरसमज ४: फ्रेमचा खरा शत्रू म्हणजे खिशातल्या किल्ल्या.

किल्ली टोकदार असते आणि तिचा स्पर्श जाणवतो, म्हणून दोष तिच्यावर येतो. पण घरातल्या बहुतेक किल्ल्या पितळेच्या, आणि मोसच्या मापावर पितळ तीनच्या आसपास. पितळ स्टील सहसा कापत नाही. उलट पितळच झिजून स्टीलवर पिवळसर किंवा करडी रेघ सोडते. ही रेघ चऱ्यासारखी दिसते, पण ती खराच डाग असते आणि अल्कोहोलच्या ओलसर कापडाने कधीकधी निघू शकते. म्हणून पॉलिशचा विचार करण्याआधी फ्रेम ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसून पाहावी. काही 'चऱ्यां'चा निकाल तिथेच लागू शकतो. नाण्यांची गोष्ट वेगळी. आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यामुळे ती फ्रेमच्या तोडीस तोड ठरतात. आणि खिशाच्या तळाशी साचलेली, सहसा लक्षात न येणारी धूळ ही किल्ली व नाणे या दोन्हींपेक्षा कठीण असते.

गैरसमज ५: टायटेनियमवर चरा उठत नाही.

२०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये टायटेनियमची फ्रेम आली. अवकाशयाने आणि कृत्रिम सांधे यांच्याशी जोडलेल्या या नावामुळे ती अभेद्य असल्याचा समज पसरला. टायटेनियमचे मोठेपण वजनाच्या मानाने मिळणाऱ्या ताकदीत आहे. त्याची घनता स्टीलच्या सहा दशांशाहूनही कमी असते. ताकद आणि चऱ्याला विरोध हे दोन वेगळे गुण आहेत. काठिण्यात ते स्टीलच्या आसपासचेच, आणि वाळूपुढे दोघेही कमीच पडतात. शिवाय आयफोनच्या या फ्रेमला आरशाची झिलई नसून रेघारेघांचा मंद पोत आहे आणि त्यावर रंगीत लेप आहे. चकाकणारे पॉलिश तिथे चोळले तर त्या जागी वेगळाच चमकणारा पट्टा उमटण्याचा धोका आहे. हाताच्या तेलामुळे या फ्रेमचा रंग तात्पुरता बदललेला दिसतो, याची कल्पना ॲपलने दिलेली आहे. मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसले की तो पूर्ववत होतो. तो बदल झीज समजून घासत सुटणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर उपचार.

गैरसमज ६: मेटल पॉलिश आहे ना, मग ते कुठल्याही मेटलच्या फ्रेमला चालते.

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते. पॉलिशच्या डबीवर मेटल लिहिलेले असते आणि फोनच्या जाहिरातीतही मेटल, म्हणून तर्क सरळ वाटतो. प्रत्यक्षात 'मेटल फ्रेम' या नावाखाली चार वेगवेगळे पृष्ठभाग येतात.

पहिला, उघडे झिलईदार स्टील. आयफोन एक्सपासून पुढच्या स्टीलच्या फोनांतला चंदेरी रंग हा बहुतांशी धातूचाच रंग. इथे पॉलिश खरोखर काम करते, कारण वरचा धातू निघाला तरी खाली तोच धातू असतो.

दुसरा, लेप दिलेले स्टील. सोनेरी, काळपट, निळा हे रंग निर्वात कक्षात धातूच्या वाफेपासून बसवलेल्या थराचे असतात. या प्रक्रियेला फिजिकल व्हेपर डिपॉझिशन, थोडक्यात पीव्हीडी म्हणतात. हा थर खूप कठीण असतो, पण त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉनच्या घरातली. काळ्या फ्रेमवर चंदेरी चरा दिसतो तेव्हा थर आधीच फुटलेला असतो. घासल्याने त्या फटीतले स्टील अधिक चमकते आणि आसपासचा थर पातळ होतो, म्हणजे चरा आणखी ठळक दिसतो.

तिसरा, ॲनोडाइज केलेले ॲल्युमिनियम. आम्लाच्या द्रावणात वीज सोडून वर ऑक्साइडचा थर वाढवतात आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात. त्याची जाडी मोजक्या मायक्रॉनांची. तो घासून गेला की घरी परत आणण्याची सोय नाही.

चौथा, प्लॅस्टिकवर दिलेला धातूसारखा मुलामा. मध्यम किमतीच्या अनेक फोनांची फ्रेम अशीच असते. इथे पॉलिशचे पहिलेच काही हात मुलामा उतरवून खालचे प्लॅस्टिक उघडे पाडू शकतात.

गैरसमज ७: फ्रेम स्टीलची आहे का हे चुंबक लावून कळते.

भंगारवाल्याकडे लोखंड ओळखायची ही जुनी रीत आहे आणि लोखंडापुरती ती बरोबरही आहे. मात्र मोबाइलच्या फ्रेममध्ये वापरतात ते स्टील सहसा निकेल असलेल्या ऑस्टेनिटिक जातीचे असते आणि त्यावर चुंबक जवळजवळ धरत नाही. उलट अलीकडच्या अनेक फोनांत बिनतारी चार्जिंगसाठी आत चुंबकांचे कडे बसवलेले असते आणि स्पीकरमध्येही चुंबक असतात. त्यामुळे चुंबक ओढला गेला तरी फ्रेमबद्दल काहीच सिद्ध होत नाही. खात्रीचा मार्ग सोपा आहे. त्या मॉडेलच्या अधिकृत माहितीत फ्रेमचा धातू दिलेला असतो, तो वाचावा.

गैरसमज ८: टूथपेस्ट हा सर्वांत सौम्य आणि हमखास उपाय.

रोज तोंडात घालतो ती वस्तू फोनला काय इजा करणार, हा विचार स्वाभाविक आहे. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतातच, बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. दातांवरची किटण काढावी आणि दात झिजवू नये, इतपतच ताकद त्यांना दिलेली असते. कॅल्शियम कार्बोनेट मोसच्या मापावर तीनला, म्हणजे स्टीलपुढे फारच मऊ. त्यामुळे उघड्या स्टीलवर पेस्ट मळ काढते, थोडी तकाकी आणते आणि खरे चरे तसेच ठेवते. मळ गेल्यावर फ्रेम उजळते, म्हणून उपाय लागू पडला असे वाटते. मुलाम्याच्या मऊ प्लॅस्टिकवर मात्र हेच कण धूसरपणा आणतात. पेस्ट पडद्याच्या काचेवर पसरली तर बोटांचे ठसे रोखणारा तेलविरोधी लेप झिजतो. शिवाय ती वाळली की स्पीकरच्या जाळीत पांढरी पुटे बसतात. फायदा अल्प आणि धोका वेगळ्याच ठिकाणी, असा हा व्यवहार आहे.

गैरसमज ९: चिंच, लिंबू किंवा पितळेचे पॉलिश, समई उजळते तर फ्रेमही उजळेल.

ज्या घरात दिवाळीपूर्वी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत होताना पाहिली आहेत, तिथे हा समज असणारच. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल तांब्याच्या काळपट ऑक्साइडला विरघळवते आणि खालचा ताजा धातू दिसू लागतो. तो रासायनिक डाग होता, म्हणून आम्लाने गेला. स्टेनलेस स्टीलच्या चऱ्यात विरघळवण्यासारखे काही नाही, तो आकाराचा दोष आहे. त्यामुळे आम्लाचा इथे काहीच उपयोग नाही आणि ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमला तर आम्ल अपायकारकच. पितळेच्या तयार द्रव पॉलिशचे गणित वेगळे आहे. त्यात घासणारी पूड असते, म्हणून उघड्या स्टीलवर त्याचा काही परिणाम दिसतो. पण त्यांपैकी अनेकांत अमोनिया आणि पेट्रोलियमजन्य द्रावक असतात. ते पितळी समईला चालतात, पण फोनच्या सांध्यांतील चिकटपट्टी आणि रबर यांच्याजवळ नेऊ नयेत.

गैरसमज १०: गाडीचे रबिंग किंवा मेण चरे भरून काढते.

गाडीवर हे खरे आहे, कारण गाडीचा चरा बहुधा रंगावरच्या पारदर्शक लाखेत असतो. रबिंगने ती लाख समतल होते आणि मेण किंवा भरणी उरलेली फट भरते. प्रकाश लाखेतून आणि मेणातून जवळपास सारखाच जात असल्याने फट दिसेनाशी होते. धातू पारदर्शक नसतो. त्याच्या चऱ्यात मेण, व्हॅसलिन किंवा खोबरेल भरले तरी खालचा वाकडातिकडा पृष्ठभाग प्रकाश विखुरतच राहतो. काही तास चरा मंद दिसतो, हात लागला की मेण निघते आणि त्या चिकटपणावर नवी धूळ बसते. ती धूळ पुढच्या चऱ्यांचे कारण ठरते.

गैरसमज ११: पॉलिश पेपर बारीक नंबरचा घेतला की धोका नाही.

दोन हजार नंबरचा वॉटर पेपर बोटाला जवळपास गुळगुळीत लागतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. आकडे वेगळे सांगतात. पी १००० कागदावरचा कण सरासरी १८ मायक्रॉनचा, पी २००० वरचा सुमारे १० मायक्रॉनचा. आरशासारख्या झिलईवरचा केसासारखा बारीक चरा अनेकदा एखाद्या मायक्रॉनचाही खोल नसतो. म्हणजे एक उथळ चरा घालवायला त्याहून जाड शेकडो चरे पाडले जातात. पॉलिशच्या कारखान्यात कागद वापरतात, पण तिथे प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्या टप्प्याच्या सगळ्या खुणा पुसतो आणि शेवटी बफ व अतिसूक्ष्म पूड येते. मधला एकही टप्पा गाळता येत नाही. घरी पहिला टप्पा होतो आणि शेवटचे राहून जातात, म्हणून चकचकीत कड कायमची धुरकट होते. तारेच्या घासणीबद्दलही हेच. नखाला अडकणारा खोल चरा असेल तर तो तसाच ठेवणे हाच शहाणपणा.

गैरसमज १२: सराफाकडून बफ मारून घेतला की फ्रेम नव्यासारखी होते.

दागिना आणि घड्याळाचा पट्टा बफवर उजळतो हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. फोनच्या फ्रेमची मूळ झिलईही बफनेच आलेली असते. धातूची झिलई हे मोठ्या कौशल्याचे काम आहे. पहिल्या आयपॉडच्या पाठीवरचे स्टील जपानमधल्या निइगाता प्रांतातील त्सुबामे या गावच्या कसबी कारागिरांनी चकाकवले होते. पण ही झिलई फोन जोडण्याआधी, सुट्या भागावर केली जाते. जोडलेल्या फोनमध्ये त्याच फ्रेमला लागून लिथियम-आयन बॅटरी, काच, कॅमेरा आणि चिकटपट्ट्या असतात. फिरता बफ घर्षणाने धातू झपाट्याने तापवतो, तर आयफोनसाठी बंद अवस्थेतही ४५ अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा दिलेली आहे. मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनाची सततची कंपने कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडवू शकतात, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. जोडलेला फोन बफखाली धरणाऱ्याने तो लक्षात ठेवलेला बरा. शिवाय बफ कडांचे कंगोरे गोल करतो आणि अँटेनाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत काळा लेप भरतो. फ्रेम पूर्ण सुटी केलेली असेल तरच बफचा विचार रास्त.

गैरसमज १३: फोन आयपी ६८ आहे, पॉलिश करून नळाखाली धुतला तरी चालतो.

आयपी ६८ हा शिक्का आयईसी ६०५२९ या मानकानुसार मिळतो. सहा म्हणजे धूळ आत जात नाही, आठ म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या खोलीत आणि वेळेत पाण्याखाली टिकतो. ही चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, साध्या पाण्याने होते. द्रावक, साबण, पॉलिशचा लगदा यांबद्दल ती काही सांगत नाही. काच आणि फ्रेम यांच्यामधली चिकटपट्टी वयाने, पडण्याने आणि दुरुस्तीने कमकुवत होते आणि जुन्या फोनवर तिचा भरवसा धरता येत नाही. पॉलिशच्या काळ्या लगद्यात धातूचे कण असतात. ते चार्जिंगच्या खाचेत गेले तर पुढचा खर्च चऱ्याच्या कितीतरी पट होईल.

गैरसमज १४: कव्हर घातले की फ्रेमला चरे पडत नाहीत.

पडण्याच्या धक्क्यापासून कव्हर नक्की वाचवते आणि किल्ल्या-नाण्यांनाही दूर ठेवते. इतपत खरे असल्याने उरलेले गृहीत धरले जाते. परंतु कव्हर आणि फ्रेम यांच्या फटीत धूळ शिरते, बाहेर पडत नाही आणि फोन उचलताना-ठेवताना होणाऱ्या सूक्ष्म हालचालीने कडेवर घासत राहते. महिनोन्‌महिने न काढलेले कव्हर उतरवल्यावर कोपऱ्यांवर दिसणारे जाळे याचेच असते. कव्हर वापरावे, मात्र आठवड्यातून एकदा काढून आतून धुवावे, पूर्ण वाळवावे आणि फ्रेम पुसून मगच परत चढवावे.

गैरसमज १५: चरा पडला की स्टील तिथून गंजते, म्हणून तो घालवणे भागच आहे.

रंग उडालेल्या लोखंडी जाळीवर हेच होते, कारण तिथे रंग हेच संरक्षण असते. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण आतूनच येते. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि हवेशी गाठ पडताच त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर बनतो. चऱ्याच्या तळाशीही तो आपोआप नव्याने तयार होतो. एखाद्या मायक्रॉनचा चरा फ्रेमची ताकदही कमी करत नाही. घाम आणि समुद्राचे पाणी यांतले मीठ मात्र स्टीलला दीर्घकाळ चिकटू देऊ नये, ते पुसून टाकावे. चरा हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. त्यामुळे घाईने काही करण्याची गरज कधीच नसते.

गैरसमज १६: एकदा नीट पॉलिश केले की प्रश्न कायमचा मिटतो.

पॉलिशने धातू अधिक कठीण होत नाही. ताजी झिलई पहिल्या दिवशीच्या फ्रेमइतकीच चऱ्याला बळी पडते आणि नवे चरे लखलखीत पृष्ठभागावर अधिक लवकर नजरेत येतात. दर वेळी थोडा धातू जातो. म्हणून हे काम क्वचित, फोन विकण्याआधी किंवा चरे फारच खुपू लागल्यावर करावे, आणि तेही फक्त उघड्या स्टीलवर.

तेव्हाची रीत अशी. आधी मॉडेलची माहिती पाहून फ्रेमचा धातू आणि लेप निश्चित करावा. शंका असेल तर सिमचा ट्रे बाहेर काढून त्याच्या कडेवर प्रयोग करावा. तो साधारणपणे फ्रेमच्याच रंगाचा आणि झिलईचा असतो, आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो. त्याच्या रबराला मात्र पॉलिश लावू नये. रंग उतरू लागला तर तिथेच थांबावे. सगळे ठीक दिसले तर फोन बंद करून फ्रेम पुसून घ्यावी, ट्रे परत बसवावा आणि स्पीकर, माइक, चार्जिंगची खाच, बटणे, अँटेनाच्या पट्ट्या व काचेची कड कागदी चिकटपट्टीने झाकावी. अमोनिया नसलेले बारीक मेटल पॉलिश फोनवर न ओतता कापडावर अगदी थोडे घ्यावे आणि फ्रेमच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने चोळावे. दर मिनिटाला पुसून तिरप्या उजेडात पाहावे. समाधानकारक दिसले की स्वच्छ कापडाने सगळा लगदा टिपावा आणि मगच चिकटपट्टी काढावी.

फ्रेम लेपाची, ॲनोडाइज केलेली, टायटेनियमची किंवा प्लॅस्टिकची निघाली, तर नियमित पुसणे आणि कव्हर स्वच्छ ठेवणे एवढाच योग्य उपाय आहे. अशा फ्रेमवरचा बारीक चरा तसाच राहू दिला तर फोनचे काही बिघडत नाही. तो घालवण्याच्या प्रयत्नात गेलेला थर मात्र घरी कुठल्याही उपायाने परत येत नाही.